मातीचा बोजाही सातबाऱ्यावर चढवा

चिखली-कुदळवाडीतली भंगाराची गोदामं, पत्र्याच्या शेड आणि लहानमोठे कारखाने पिंपरी-चिंचवड महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडून टाकले. चार हजारांहून अधिक बांधकामं, तीही काही दिवसांत. त्यावर पुढे बराच काळ वाद चालला आणि तो दोनच प्रश्नांभोवती फिरत राहिला. पाडापाडी न्याय्य होती का, आणि मोकळ्या जमिनीत कोणाचा किती वाटा? नगररचना योजनेचं, म्हणजे जमिनी एकत्र करून रस्ते-सोयींसाठी वाटा काढून उरलेली जमीन मालकांना परत देण्याच्या योजनेचं, नाव निघताच गावकऱ्यांनी विरोध केला, तोही वाट्यावरूनच. भंगाराच्या धंद्यात काय काय होतं हे आपल्याला ठाऊक नाही असं नाही. रसायनांचे रिकामे ड्रम धुतले जातात, केबल जाळून तांबं काढतात, जुन्या बॅटऱ्या फोडतात, तेल सांडतं, आणि यातलं बरंचसं उघड्या मातीवर होतं. मग त्या मातीत आता काय उरलंय, हा प्रश्न एकाही सभेत विचारला गेल्याचं माझ्या तरी कानावर का आलं नाही?

तिकडे मुंबईत हा प्रश्न निदान विचारला तरी जातोय. धारावीतल्या लोकांसाठी घरं बांधायला देवनार कचराभूमीची १२४ एकर जागा द्यायचा निर्णय झाला आणि त्यावर रान उठलं. पण पुण्यात बसून त्या वादाबद्दल जे ऐकू येतं, ते ऐकून हसावं की रडावं कळत नाही. एका बाजूचे म्हणतात, शहरात जागा नाही, लोक नाल्याकाठी राहताहेत, आधी घरं बांधा, मातीचं नंतर बघू. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, गरिबांना विषावर वसवायचं हे पापच, अशा जमिनीला हात लावू नका. दोन्ही बाजू गरिबांच्या नावाने बोलतात आणि दोघांनाही माती तपासायची गरज वाटत नाही. पहिल्यांना ती स्वच्छ आहे असं गृहीत धरायचंय, दुसऱ्यांना ती कायमची नासलेली आहे असं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जुन्या कारखान्यांच्या, गोदामांच्या, अगदी काही जुन्या कचरा डेपोंच्या जागांवरही परवडणारी घरं बांधावीत. पण वीट रचण्याआधी माती आणि भूजल तपासावं, निकाल जमिनीच्या सरकारी कागदावर चढावा, आणि हा नियम फक्त स्वस्त घरांना नव्हे तर त्याच जमिनीवर उभ्या राहणाऱ्या तीस मजली टॉवरलाही तितकाच लागू असावा. यातली तिसरी अट कोणी फारशी मागत नाही, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

'घरं आधी' म्हणणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. पुण्याचा नकाशा उघडून बघा. पश्चिमेला टेकड्या, त्यांच्यावर बीडीपीचं, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं, आरक्षण, आणि ते असायलाच हवं. मध्ये खडकी, पुणे कॅम्प, लोहगाव असा लष्कराचा मोठा पट्टा. दोन नद्या आणि त्यांच्या पूररेषा. उरलेल्या जमिनीचा भाव असा की ऑगस्ट २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पंतप्रधान आवास योजनेतल्या घरांचं वाटप झालं, तेव्हा पुणे महापालिकेची घरं होती साधारण २,६५० आणि पिंपरी-चिंचवडची १,२८०. ही दोन शहरं मिळून पन्नास लाखांच्या पुढची. परवडणारं घर हवं तर वाघोलीच्याही पलीकडे जा, चाकणच्या मागे जा, आणि मग रोजचे तीन तास आणि पगाराचा मोठा लचका प्रवासात घालवा. धुणंभांडी करणारी बाई कोथरूडमधली चार घरं सोडून तिकडे कशी जाईल? त्या मानाने जुन्या औद्योगिक जागा शहराच्या पोटात आहेत. रस्ता आहे, पाण्याची लाइन आहे, ड्रेनेज आहे, पीएमपीचा थांबा आहे. अशा जमिनीवर 'घरं नकोत' म्हणणं म्हणजे गरिबांना शहराबाहेर ढकलणं, हे मला मान्य आहे.

आणि 'नकोत' म्हटल्याने ती जमीन मोकळी राहते असंही नाही. औद्योगिक पट्ट्याचं निवासीत रूपांतर करायची सोय आपल्या बांधकाम नियमावलीत आहे आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चिंचवडपासून मुंढव्यापर्यंत तिचा पुरेपूर वापर झालाय. जिथे भोंगा वाजायचा तिथे आज क्लब हाउस आहे. तिथल्या मातीत काय आहे हे फ्लॅट घेताना कोणी विचारलं? विषारी जमिनीचा प्रश्न आपल्याला आठवतो तो स्वस्त घरांचा प्रस्ताव आला की, आणि तोवर नेमका आठवत नाही. त्यामुळे शंका येते की काही जणांचा आक्षेप मातीला नसून शेजाराला असावा.

कोथरूडचंच बघा. शहराचा कचरा एके काळी कोथरूडच्या डेपोत जायचा. वस्ती वाढली, मध्यमवर्ग राहायला आला, त्यांनी ओरड केली आणि ती रास्तही होती. कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या वेशीवर गेला. तिथे १६३ एकरांचा डेपो झाला, विहिरी नासल्या, गावांना टँकरचं पाणी प्यावं लागलं, आंदोलनं झाली. इकडे कोथरूडच्या रिकाम्या डेपोवर कोणी 'ही जमीन शापित आहे' म्हटलं नाही. उलट ती मिळावी म्हणून चढाओढ लागली. शिवाजी महाराजांच्या जीवनावरची शिवसृष्टी तिथेच व्हावी म्हणून वर्षानुवर्षं भांडण झालं, अखेर शिवसृष्टी चांदणी चौकाकडे गेली आणि त्या जागेवर मेट्रोचा डेपो झाला. आसपासच्या फ्लॅटचे भाव कचऱ्यामुळे घसरले नाहीत, मेट्रोमुळे चढले. तेव्हा घाण झालेली जमीन वापरता येते, हे पुण्याने कधीच मान्य केलंय. ती कोणासाठी वापरायची, यावर आपण अडतो.

आता दुसऱ्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा. तो म्हणजे माहुल. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून मुंबई महापालिकेने हजारो कुटुंबांना चेंबूरजवळच्या माहुलला नेलं. पक्की घरं, सात मजली इमारती, कागदावर उत्तम पुनर्वसन. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या. माहुल-आंबापाडा परिसरातली हवा रहिवाशांच्या आरोग्याला घातक असल्याचं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलं होतं, तरी माणसं पाठवली गेली. लोक खोकल्याने, त्वचारोगाने, श्वासाच्या विकारांनी हैराण झाले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की कोणालाही माहुलला जायची सक्ती करता येणार नाही; पर्यायी घर देता येत नसेल तर महिना पंधरा हजार रुपये भाडं द्या. पुढे तिथली पडून राहिलेली घरं पालिकेच्याच कर्मचाऱ्यांना विकायचा घाट घातला गेला.

माहुल झाल्यावर कोणत्या तोंडाने म्हणायचं की सरकार तपासून बांधेल? हा प्रश्न मी टाळत नाही. तिथे तपासणी झाली होती, निकाल हातात होता, आणि तो बाजूला सारून माणसं नेली गेली. म्हणून नुसती तपासणी पुरत नाही. निकाल प्रतिकूल असेल तर परवानगी आपोआप अडली पाहिजे, कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर ती राहता कामा नये. पण माहुलचं उदाहरण देणारे एक फरक विसरतात. माहुलमधलं विष रोज नव्याने येत होतं. शेजारचे कारखाने चालूच होते. घर बांधणाऱ्याने काहीही केलं असतं तरी हवा बदलणार नव्हती. बंद पडलेल्या कारखान्याच्या मातीतलं विष हे साठलेलं आहे. ते मोजता येतं, उकरता येतं, धुता येतं, काही ठिकाणी झाकून कोंडता येतं. चालू प्रदूषणाच्या शेजारी घरं बांधू नका, हा माहुलचा धडा. साठलेल्या प्रदूषणाची जागा साफ करू नका, असा त्याचा अर्थ कुठून निघाला?

माती माणसाला कशी बाधते हे थोडं उलगडून बघायला हवं, कारण 'विषारी जमीन' हा शब्दच आपल्याकडे भुतासारखा वापरला जातो. जमिनीत क्रोमियम आहे म्हणजे वरच्या मजल्यावरचा माणूस आजारी पडतो असं होत नाही. विषाला माणसापर्यंत यायला वाट लागते. एक वाट धुळीची. अंगणात खेळणारं पोर मातीचे हात तोंडात घालतं, आणि शिशाच्या बाबतीत मुलांसाठी सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही. दुसरी वाट पाण्याची. आपल्याकडे खाली बेसॉल्टचा कातळ आहे. त्यात पाणी स्पंजासारखं सगळीकडे पसरत नाही, भेगांमधून धावतं. त्यामुळे एका बोअरचं पाणी चांगलं आणि पन्नास फुटांवरच्या बोअरचं पिवळं, असं घडू शकतं. तिसरी वाट वाफेची. धातू धुवायला वापरलेली काही द्रावणं जमिनीतून वर येऊन बंद खोलीत साचतात, तर जुन्या कचऱ्यातून मिथेन निघतो.

आता या तीन वाटांवर दोन इमारती उभ्या करून बघा. एका महागड्या सोसायटीत खाली दोन मजले पार्किंग, वर पोडियम, पोडियमवर बाहेरून आणलेल्या मातीची बाग, नळाला पालिकेचं पाणी. तिथल्या मुलाचा मूळ जमिनीशी संबंधच येत नाही. दुसरी पुनर्वसनाची इमारत. तळमजल्यावर घरं, पुढे उघडं आवार, पालिकेचं पाणी एक तास आणि बाकी बोअर. माती तीच, बाधा मात्र सारखी नाही. म्हणजे तपासणीशिवाय बांधलं तर धोका गरिबांच्याच वाट्याला जास्त येतो, हे 'नको' म्हणणाऱ्यांचं म्हणणं खरं आहे. पण त्याचा उपाय घराच्या आराखड्यात आणि मातीच्या सफाईत आहे. गरिबाला घरच न देण्यात नाही. घर न मिळालेला माणूस हवेत तरंगत नाही. तो त्याच नाल्याकाठी, त्याच गोदामामागे राहतो, फक्त त्याची नोंद होत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याच्या पुराने काठावरच्या वस्त्यांचं काय केलं ते आठवतं ना? त्या माणसांना तिथे कोणत्याही योजनेने वसवलं नव्हतं.

जगाने हे सगळं भोगून झालंय. अमेरिकेत नायगारा धबधब्याजवळच्या लव्ह कॅनॉल इथे एका रसायन कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि मग ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. विक्रीखतात रसायनांचा उल्लेख होता, आणि पुढे काही झालं तर कंपनी जबाबदार नाही असंही लिहून घेतलं होतं. तिथे शाळा झाली, आजूबाजूला घरं झाली. ज्यांनी घरं घेतली त्यांच्या कागदात मात्र ते वाक्य नव्हतं. १९७८ मध्ये तळघरांत रसायनं पाझरू लागल्यावर आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली आणि त्यातून १९८० चा सफाईचा केंद्रीय कायदा आला. त्याच १९८० मध्ये नेदरलँड्समधल्या लेकरकेर्क गावात सुमारे २७० घरं रासायनिक कचऱ्याच्या भरावावर बांधल्याचं उघड झालं. तिथे लोकांना काही काळ बाहेर काढलं, घरांखालची माती उपसली, आणि बरेचसे लोक परत राहायला आले. दोन्हीकडे बांधकाम वाईट नव्हतं. एका कागदावर असलेली माहिती दुसऱ्या कागदावर आली नाही, किंवा कोणी लिहिलीच नाही, एवढंच झालं होतं.

आपल्याकडे कायदा आता कुठे जागा झालाय. दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम केंद्राने जुलै २०२५ मध्ये काढले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागा कळवायच्या, प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, मग सविस्तर तपासणी, मग सफाईचा आराखडा, आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याने सोसायचा. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर केंद्राने आणि राज्याने. ऐकायला छान आहे. पण देशभरात अशा १०३ जागा निश्चित झाल्या होत्या आणि सफाई सुरू झाली होती अवघ्या सात ठिकाणी, हेही तेव्हाच समोर आलं. भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन कचरा पिथमपूरला हलवायला १९८४ नंतर चाळीस वर्षं लागली, तिथली माती तर अजून तिथेच आहे. आणि कचरा डेपोंतला घनकचरा या नव्या नियमांच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे पुणेकराला 'दूषित जागा' म्हटल्यावर जे पहिलं नाव आठवतं, ती उरुळीच त्यात बसत नाही. डेपोंसाठी २०१६ च्या घनकचरा नियमांत तरतूद होती: डेपो बंद झाल्यावर पंधरा वर्षं देखरेख, आणि त्यानंतर वायू, पाझरणारं पाणी आणि जमिनीची स्थिरता यांची खात्री पटली तरच वस्तीचा विचार. देवनारचे समर्थक म्हणतील, आम्ही बायोमायनिंग करून, म्हणजे साठलेला कचरा उकरून-वेगळा करून, तो सगळाच उचलणार, मग बंद डेपो उरतो कुठे? कचरा उचलाल, पण १९२७ पासून त्याखाली जो काळा रस मुरला तो उचलला हे कोण बघणार?

म्हणून कागदाची गोष्ट. कारखान्याच्या जागेवर निवासी बांधकाम करायचं तर आपल्या नियमात कामगार आयुक्तांचा ना हरकत दाखला लागतो. कामगारांची देणी थकलेली नाहीत ना, हे बघायला. फार चांगला नियम, कामगारांनी लढून मिळवलेला. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींवरून झालेला मोठा लढा आठवा: १९९१ च्या नियमात पालिका, म्हाडा आणि मालक असे वाटे ठरले, २००१ मध्ये ते कापले गेले, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. त्या सबंध लढ्यात जमिनीचा एकेक चौरस मीटर मोजला गेला. रंगखात्याखालच्या मातीबद्दल मात्र कोणी बोलल्याचं मला आठवत नाही. कामगाराची देणी विचारतो, मग जमिनीची का नाही? फ्लॅट घेणारा वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत सोसायटीचा, बँकेचा बोजा चढलेला असतो; तो बघितल्याशिवाय कोणी इसारही देत नाही. दीड लाखाच्या पीककर्जाची नोंद जमिनीवर होते आणि त्याच जमिनीत वीस वर्षं मुरलेल्या क्रोमियमची होत नाही, हे कोणत्या तर्कात बसतं?

नोंद करायला फार शोध लागणार नाही. कोणत्या प्लॉटवर इलेक्ट्रोप्लेटिंग होतं, कुठे रंग, कुठे बॅटरी, हे एमआयडीसीच्या वाटपाच्या फायलींत आणि प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रांत आहे. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण कारखान्यांना द्यावंच लागतं. कुदळवाडीसारख्या ठिकाणी हे कागद बहुतेकांकडे नसतील, पण महावितरणची औद्योगिक जोडणी आणि पालिकेचा मिळकतकर यांतून धंद्याचा माग निघतो. त्यावरून संशयित गट नंबरांची यादी करा, आणि सातबाऱ्यावर किंवा मिळकतपत्रिकेवर 'माती तपासणी बाकी' असा शेरा मारा. तपासणी झाली, स्वच्छ निघाली, शेरा गेला. दूषित निघाली तर बोजा चढला. सफाई झाली, पुन्हा नमुने घेतले, बोजा उतरला. कर्ज फिटल्यावर उतरतो तसाच. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची बाकी सगळी कागदपत्रं टाकावीच लागतात, तिथे मातीचा अहवालही टाकावा.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा आणि वेळेचा. परवडणारं घर तपासण्यांमुळे परवडेनासं होईल, असं म्हणतात. पाया घालण्याआधी प्रत्येक मोठ्या प्रकल्पात यंत्र लावून बोअर घेतातच, जमीन किती भार पेलेल ते बघायला. यंत्र जागेवर आलेलं असतं, खड्डा पडलेला असतो. त्याच वेळी वेगळ्या स्वच्छ डब्यांत चार नमुने जास्त घेऊन धातूंसाठी आणि द्रावणांसाठी प्रयोगशाळेत पाठवायला किती वेळ लागतो? खर्च तपासणीचा नसतोच, सफाईचा असतो. आणि सफाईचा खर्च कोणाच्या डोक्यावर बसणार ते तो कधी कळतो यावर ठरतं. जमिनीचा भाव शेवटी तिच्यावर काय बांधता येईल आणि ते बांधायला किती पडेल यावरूनच निघतो. व्यवहाराआधी कळलं तर सफाईचा आकडा जमीनमालकाच्या भावातून वजा होतो. व्यवहारानंतर कळलं तर बिल्डरच्या नफ्यातून जातो. ताबा दिल्यावर कळलं तर तो राहणाऱ्याच्या दवाखान्याच्या बिलात येतो. लवकर तपासणीने घर महाग होत नाही, जमीन स्वस्त होते. जमीनमालकांना हे आवडणार नाही, आणि त्यांचा आवाज महापालिकेत कोणापेक्षाही मोठा आहे. 'सफाईच्या बदल्यात वाढीव एफएसआय द्या', म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकाम करू द्या, ही मागणी तर ठरलेलीच. पुण्यात शिंक आली तरी लोक एफएसआय मागतात. ती अजिबात मानू नये. घाण करून ठेवल्याचं बक्षीस कशाला?

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो. सफाई नीट होईल याची हमी काय? ठेकेदार कागदावर सफाई दाखवेल, मंडळाकडे माणसं नाहीत, अहवाल विकत मिळतात. या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. शिवाय सफाई स्वतःच घातक ठरू शकते. इंग्लंडमधल्या कॉर्बी गावात पोलाद कारखाना बंद झाल्यावर तिथल्या नगरपालिकेने जागा साफ करायला घेतली. उघड्या ट्रकमधून विषारी गाळ गावभर नेला गेला, धूळ उडाली, आणि त्या काळातल्या गरोदर स्त्रियांची काही मुलं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. २००९ मध्ये न्यायालयाने नगरपालिकेच्या निष्काळजीपणावर बोट ठेवलं. आपल्याकडे बेसमेंटची उकरलेली माती रात्री डंपर भरून जाते आणि सकाळी मुठेच्या काठावर राडारोडा म्हणून सापडते. म्हणजे टॉवरखालची माती टॉवरवाल्याच्या आवारातून जाते, शहरातून नाही. हे आज, कसलीही सफाई मोहीम नसताना, होत असणार. तपासणी न केल्याने ते थांबत नाही, फक्त दिसत नाही.

लंडनमध्ये ऑलिंपिकसाठी स्ट्रॅटफर्डची जुनी औद्योगिक जमीन साफ केली तेव्हा माती धुण्याची यंत्रणा जागेवरच उभारली होती. खेळाडूंच्या निवासांतून पुढे २,८१८ घरं झाली, त्यांतली जवळपास निम्मी परवडणाऱ्या वर्गात मोडणारी. लंडनकडे पैसा होता आणि जगाची नजर होती, हे कबूल. तिथलं 'परवडणारं' भाडं खरंच परवडतं का यावरही तिथे भांडण आहे. पण माझा मुद्दा साधा आहे: तिथे एकच जमीन एकाच कसोटीवर साफ झाली आणि नंतर तीत महाग-स्वस्त घरं वाटली गेली. आपल्याकडे चार हजार चौरस मीटरच्या वरच्या गृहप्रकल्पांत वीस टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवायचा नियम आहेच. श्रीमंत आणि गरीब एकाच गट नंबरवर राहणार असतील, तर अहवालात खोट करायची हिंमत कमी होते. ज्या अहवालावर दीड कोटींचा फ्लॅट घेणाऱ्याचा वकील नजर ठेवून आहे, तो अहवाल झोपडपट्टी पुनर्वसनाच्या वेगळ्या फाइलमधल्या अहवालापेक्षा खरा असण्याची शक्यता जास्त. तिसरी अट मी लावून धरतो ती या कारणासाठी. यात उदात्त काही नाही, निव्वळ स्वार्थाचा उपयोग आहे.

'आत्ता राहायला जाऊ द्या, मातीचं नंतर बघू' म्हणणाऱ्यांना मी पानशेतची आठवण देतो. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, पेठा वाहून गेल्या, आणि शहराने पूरग्रस्तांना गोखलेनगर, सहकारनगरसारख्या वसाहतींत हलवलं. त्या घाईत ते योग्यच होतं. पण त्या वसाहतींतले जमिनीच्या मालकीचे कागद दुरुस्त व्हायला अर्धं शतक उलटलं. या शहरात गरिबाच्या बाबतीत 'नंतर' म्हटलेलं काम नातवाच्या पिढीत होतं. मालकीचा कागद पन्नास वर्षं लटकला तर माणूस हेलपाटे घालतो. पाण्याचा अहवाल पन्नास वर्षं लटकला तर?

सर्वांत अवघड जागा मात्र आधीच वसलेली आहे. भोसरी, चिखली, तळवडे, धायरी, इकडे गोदामांच्या फटीफटीत गुंठा-अर्धा गुंठा घेऊन लोकांनी घरं बांधलीत. गुंठेवारी नियमित करताना पालिका नकाशा मागते, विकास शुल्क मागते. मातीबद्दल विचारत नाही, आणि विचारलं तर त्या माणसाची छाती दडपेल. आयुष्याची पुंजी घातलेल्या घरावर बोजा चढवणारा नियम त्याला शत्रूचाच वाटणार. त्याचा विरोध मी चुकीचा म्हणणार नाही. म्हणून अशा वस्त्यांत शेरा आधी मारू नये. आधी बोअरचं पाणी तपासावं, पालिकेच्या खर्चाने, घरोघर. निकाल घरमालकाच्या आणि भाडेकरूच्याही हातात लेखी द्यावा. ज्या गल्लीत क्रोमियम किंवा शिसं निघेल तिथे बोअर बंद करून त्याच आठवड्यात नळजोड द्यावा, घर नियमित असो वा नसो.